ट्रंकेतले अंक आणि मानधनाची वही

माझे सासरे १९६१ ते १९७८ कोल्हापुरातून एक मासिक काढत. छापखाना घरचाच. पुढे मासिक बंद पडलं, यंत्रं विकली, १९८४ साली सासरे गेले. २०१९च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. खालच्या खोलीतल्या दोन वर्षांच्या अंकांचा लगदा झाला, माळ्यावरच्या ट्रंकेतले तेवढे वाचले. तेव्हापासून मी एकेक अंक स्कॅन करते आहे. यंदा तीन लेख फेसबुकवर टाकले. लोकांनी आवडीनं वाचले आणि चौथ्या दिवशी एका गृहस्थांचा मेसेज आला, 'हा माझ्या आईचा लेख आहे, कुणाला विचारून टाकलात?' घाबरून तिन्ही काढून टाकले. मासिक बंद होऊन चाळीस वर्षं उलटली, अंकावर 'सर्व हक्क संपादकांच्या स्वाधीन' असं छापलेलं आहे, आम्ही एक पैसाही कमवत नाही. तरी परवानगी लागते का? बरेच लेखक हयात नाहीत, काहींची तर नावंही टोपण आहेत. सोबत मानधनाच्या वहीतल्या एका पानाचा फोटो जोडते आहे.
– सुनबाई, शाहूपुरी

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा वकील म्हणून आणि एकदा जुळाऱ्याचा मुलगा म्हणून. माझे वडील लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. शिशानं काळी झालेली त्यांची बोटं कितीही घासली तरी निघायची नाहीत. त्यामुळे माळ्यावर राहिलेली ट्रंक आणि खाली झालेला लगदा, दोन्ही मला नीट दिसले.

कायद्याचं नंतर बोलू. आधी त्या गृहस्थांना फोन करा, आणि तो आजच करा. तुम्ही त्यांच्या मेसेजला उत्तर न देता लेख काढून टाकलात, त्यामुळे त्यांच्या मनात तुम्ही 'चोरी करून पळालेल्या' झालात. त्यांनी 'का टाकलात' असं विचारलेलं नाही, 'कुणाला विचारून' असं विचारलंय. तुमच्या सासऱ्यांचं मासिक, पुरातून वाचलेला अंक, हे सगळं त्यांना सांगा. त्यांच्या आईचा लेख असलेल्या पानांचा चांगला प्रिंट काढून घरी नेऊन द्या. माझा अंदाज आहे की तो अंक त्यांच्या घरी नसेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. मासिक बंद पडल्यानं लेखांवरचा हक्क संपत नाही. मुळात लेखांवर मासिकाचा हक्क असतोच असं नाही. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्यात लेखनाचा पहिला मालक म्हणजे लेखक. बाहेरच्या लेखकानं लेख पाठवला, संपादकांनी तो छापला, पंधरा रुपये मनिऑर्डर केली, इथं व्यवहार झाला तो त्या अंकात छापण्यापुरता. लेख लेखकाचाच राहिला. मासिक बंद पडलं काय, छापखाना विकला काय, त्याच्याशी लेखकाचा संबंध नाही.

मग अंकावरच्या त्या ओळीचं काय? 'सर्व हक्क संपादकांच्या स्वाधीन.' ही ओळ त्या काळात जवळपास प्रत्येक मासिकात असायची, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तिच्याच खाली 'लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' हेही असायचं. म्हणजे मतं लेखकाची आणि हक्क संपादकाचे! पण कॉपीराइट एकाकडून दुसऱ्याकडे जायला लेखी कागद आणि देणाऱ्याची सही लागते. १९५७च्या मूळ कायद्यातही हेच होतं. एकानं आपल्या अंकात छापलेल्या ओळीनं दुसऱ्याचा हक्क त्याच्याकडे येत नाही.

म्हणून मला ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू अंक वाटत नाहीत, ती मानधनाची वही वाटते. तुम्ही पाठवलेल्या पानावर लेखकाचं नाव, लेखाचं शीर्षक, पानं, रक्कम, मनिऑर्डरची तारीख असे रकाने आहेत. समासात बारीक अक्षरात पत्ते आहेत, कुणाचा गंगावेशेतला, कुणाचा इचलकरंजीचा, एक बेळगावचा. उजवीकडे काही ठिकाणी रेव्हेन्यू स्टँपवर आडवी सही आहे. ही सही बघून कुणी तुम्हाला म्हणेल, 'बघा, लेखकानं सही दिलीय, हक्क तुमचेच.' तसं नाही. सहीवरचा मजकूर वाचा. फोटोतल्या पानावर मला दिसतं ते एवढंच : 'मानधन रु. १५ पोहोचले.' ही पैशाची पावती झाली. त्यात कुठं 'या लेखाचे सर्व हक्क देत आहे' असं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. वहीची सगळी पानं या नजरेनं चाळा. एखाद्या कादंबरीच्या क्रमशः प्रकाशनाचा वेगळा करार झाला असेल तर तो सुटा कागद वहीच्या मागच्या खिशात किंवा फाइलीत सापडू शकतो. आणि हो, 'मुदत लिहिली नसेल तर असा करार पाच वर्षांत संपतो' असं सांगणारेही तुम्हाला भेटतील. तो नियम १९९४च्या दुरुस्तीनं आला आणि आधीच्या करारांना तो लागू नाही. तेव्हा खरोखरच हक्क दिल्याचा सहीचा कागद सापडला तर तो जपून ठेवा आणि मला दाखवा.

पगारी माणसांचं थोडं निराळं आहे. तुमच्या सासऱ्यांकडे एखादा उपसंपादक महिन्याच्या पगारावर असेल, तर त्यानं मासिकासाठी लिहिलेल्या मजकुराचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी सगळ्या बाबतींत तो लेखकाचाच. इंटरनेटवरचं पान म्हणजे नियतकालिक की नाही यावर वकील मंडळी दोन तास बोलू शकतील. तुम्ही त्यात पडू नका, त्याच्या घरच्यांना विचारून टाका.

मुखपृष्ठांची बातमी मात्र चांगली आहे. कोल्हापुरात चित्रकारांना तोटा कधीच नव्हता आणि तुमच्या सासऱ्यांनी चित्रं पैसे देऊनच काढून घेतली असणार. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा किंवा फोटोचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे वहीत चित्रकाराच्या नावापुढे रक्कम दिसली तर ते मुखपृष्ठ तुमच्या घरचं. चित्रकाराचं नाव तेवढं आठवणीनं द्या.

सासऱ्यांची संपादकीयं, त्यांची सदरं, त्यांनी स्वतः लिहिलेली परीक्षणं हे सगळंही घरचं. पण 'घरचं' म्हणजे एकट्या तुमचं नव्हे. सातबाऱ्यावर जशी सगळ्या वारसांची नावं चढतात तसंच हे. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर तुमचे यजमान, दीर, नणंदा, सगळ्यांचा वाटा आहे. नणंदबाई नाशिकला असोत की अमेरिकेत, त्यांचीही सही घ्या. घरातला वाद कोर्टातल्या वादापेक्षा जास्त वर्षं चालतो, हे मी रोज बघतो.

आता मुदत. यात सगळे चुकतात. 'साठ वर्षं झाली की मोकळं' हे वाक्य लोकांनी ऐकलेलं असतं आणि ते अंकाच्या तारखेपासून मोजत बसतात. साठ वर्षं मोजायची ती लेखकाच्या मृत्यूनंतरची, आणि तीही मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली. ज्यांची मुदत तेव्हा संपलेली नव्हती अशा सगळ्याच लेखकांच्या वारसांना त्या वाढीचा फायदा मिळाला. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११च्या १ जानेवारीपासून सगळ्यांना मोकळं आहे. आपल्या कोल्हापूरचे वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०३६पर्यंत थांबा. ना. सी. फडके १९७८ साली गेले, ते २०३८ अखेर. तुमच्या सासऱ्यांचं २०४४ अखेर. थोडक्यात, तुमच्या मासिकात १९६१ साली लिहिणारा लेखक पुढे १९९५पर्यंत जगला असेल तर त्याच्या लेखाला अजून बरीच वर्षं आहेत. अंक कितीही पिवळा पडलेला असू दे.

टोपणनावांना आणि निनावी मजकुराला मात्र अंकाच्या वर्षापासूनच मोजतात. १९६२ साली छापलेलं निनावी स्फुट २०२२च्या ३१ डिसेंबरला मोकळं झालं, १९६३चं २०२३ला. यात मेख अशी की टोपणनावामागचा माणूस जाहीर असेल तर पुन्हा त्याच्या हयातीवर जायचं. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तिथं टोपणनाव असल्याचा फायदा तुम्हाला मिळणार नाही. पण 'एक वाचक' किंवा 'करवीरकर' असल्या नावानं लिहिणारा कोण हे फक्त तुमच्या वहीलाच माहीत असेल तर ते जाहीर झालेलं नाही. इथं माझं मत विचाराल तर, वहीतून कळलं आणि घर सापडलं तर विचाराच. एखाद्यानं काही कारणानं नाव लपवलेलं असतं. साठ वर्षांनी ते आपण फेसबुकवर उघड करावं का, हे कायद्याच्या पुस्तकात नाही. घरच्यांना ते ठरवू द्या.

ट्रंकेत लेखकांची पोस्टकार्डंही असणार. 'लेख पाठवीत आहे, न आवडल्यास साभार परत करावा' वगैरे. ती टाकायचा मोह होईल, कारण लोकांना त्यांत लेखांपेक्षा जास्त रस असतो. कार्ड तुमचं आहे, मजकूर तुमचा नाही. पत्रातल्या शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा. त्यातून ती कधी छापलेली नाहीत, तेव्हा जास्तच सांभाळून.

'आम्ही पैसे कमवत नाही', 'खाली लेखकाचं नाव दिलंय', 'हक्क संबंधितांचे, हरकत असल्यास काढून टाकू', ही तिन्ही वाक्यं मी दर आठवड्याला ऐकतो. तिन्ही सभ्यपणाची आहेत, पण त्यांतलं एकही परवानगीची जागा घेत नाही. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. तुम्हाला बेड्या पडतील असं मला वाटत नाही. पण 'फुकट दिलं म्हणजे चालतं' या समजुतीवर वर्षांनुवर्षांचं काम उभं करू नका.

विचारल्याशिवाय करता येण्यासारखंही बरंच आहे. अंक स्कॅन करून स्वतःजवळ जपणं तुम्ही चालू ठेवा. आणि सगळ्यात आधी सूची करा. महिना, वर्ष, शीर्षक, लेखक, पान क्रमांक, लेख कशाबद्दल आहे याची तुमच्या शब्दांत दोन ओळी. ही माहिती आहे, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. ती बिनधास्त इंटरनेटवर टाका. एखाद्या लेखावर तुम्ही स्वतः चार शब्द लिहिलेत आणि त्या ओघात मूळ लेखातल्या काही ओळी दिल्यात तर तेही चालतं, समीक्षेसाठी तेवढी मुभा आहे. सूचीचा दुसरा फायदा असा की आपल्या आजोबांचं नाव गूगलवर शोधणारी नातवंडं तुम्हाला शोधत येतील. वहीतल्या जुन्या पत्त्यांवर तुम्ही फिरत बसण्यापेक्षा हे सोपं. अर्थात पत्त्यांवरही पत्रं टाका. कोल्हापुरात पेठेतली घरं बदलली तरी शेजारी बदलत नाहीत, कुणीतरी सांगतंच.

घर सापडलं की परवानगी लेखी घ्या. साधा कागद पुरेल. मजकूर असा ठेवा :

'कै. (लेखकाचं नाव) यांचे आम्ही सर्व वारस. त्यांचा (शीर्षक) हा लेख, (मासिकाचं नाव), मार्च १९६८, पृष्ठ १२ ते १५, इंटरनेटवर विनामूल्य वाचनासाठी ठेवण्यास आमची परवानगी आहे. ही परवानगी जगभरासाठी असून लेखाचा कॉपीराइट असेपर्यंत राहील. लेखावर लेखकाचं नाव असावं, मजकुरात बदल करू नये. पुस्तक, ऑडिओ किंवा विक्रीसाठी वापर करायचा झाल्यास पुन्हा विचारावं. कॉपीराइट आमच्याकडेच राहील.' खाली सगळ्यांच्या सह्या, तारीख.

'जगभरासाठी' आणि 'कॉपीराइट असेपर्यंत' हे शब्द गाळू नका. मघाशी म्हटलेला पाच वर्षांचा नियम जुन्या करारांना लागू नसला तरी तुम्ही आज घेतलेल्या परवानगीला लागू आहे. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय परवानगी मिळाल्यावर वर्षभरात लेख टाकून मोकळ्या व्हा. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर वर्षभर न वापरलेला हक्क गळून पडतो.

ज्यांचा काही केल्या पत्ता लागत नाही त्यांच्यासाठीही कायद्यात वाट आहे. लेखक मयत किंवा अज्ञात असेल, मालक सापडत नसेल, तर देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहीर निवेदन देऊन कमर्शिअल कोर्टाकडून लायसन्स मागता येतं. पण तीन पानांच्या कथेसाठी दिल्ली-मुंबईच्या पेपरात जाहिरात आणि वकिलाची फी? मी तुम्हाला तो खर्च करायला सांगणार नाही. असे लेख सूचीत ठेवा, पुढे लिहा, 'लेखकाच्या कुटुंबाच्या शोधात आहोत', आणि थांबा.

आता एक माझ्याकडून झालेली चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम बघत होतो. शेवटच्या फर्म्यात, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात, दोन पानं रिकामी राहत होती, म्हणून एका दिवंगत लेखिकेचा जुना लेख घेतला. परवानगी घेतली नाही. वर शेवटचा परिच्छेद जागेत बसेना म्हणून उडवला. महिन्याभरानं त्यांच्या मुलीचा फोन आला. मला वाटलं, मानधन मागणार. त्या म्हणाल्या, 'छापलंत ते चांगलं केलंत हो, पण आईनं तो लेख त्या शेवटच्या परिच्छेदासाठीच लिहिला होता.' मी फोन धरून नुसता उभा. लेखकाचं नाव आणि लेखाचं मूळ रूप राखण्याचा हक्क कॉपीराइटपासून वेगळा आहे, आणि तो लेखकाच्या पश्चात वारसांनाही बजावता येतो, हे मला कलमासकट पाठ होतं. तरीही.

म्हणून टायपिंग करताना 'सुधारणा' करू नका. तुमच्या अंकांत एक खास भानगड आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली आणखी चार. तुमचं मासिक नेमकं त्याच काळातलं. त्यामुळे १९६१च्या अंकात 'कांहीं', 'नाहीं', 'तेव्हां' असणार, आणि पुढच्या अंकांत अनुस्वार हळूहळू गळालेले दिसतील, कुठं लेखकानं सोडलेले तर कुठं जुळाऱ्यानं. ते आहे तसंच ठेवा. मोबाइलवरचं मजकूर ओळखणारं ॲप त्या अनुस्वारांची वाट लावतं, 'नाहीं'चं काहीही करतं, तेव्हा मूळ पानाशी ताडून बघितल्याशिवाय काही टाकू नका. मुद्रितशोधनाला दुसरा माणूस बसवा. एक वाचतो, एक बघतो. वडील असंच करायचे.

मासिकाचं जुनं नाव तुमच्या वेबपानाला देण्यात मला अडचण दिसत नाही. पण त्या नावानं पुन्हा नियतकालिक काढायचं मनात आलं तर नावाची नोंदणी प्रेस रजिस्ट्रारकडे नव्यानं करावी लागेल. तो वेगळा विषय.

राहता राहिले पुरात गेलेले दोन वर्षांचे अंक. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून आहे, तिथं जाऊन जुन्या मासिकांच्या बांधीव फायली विचारा. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातही बघा. सापडले तर निदान सूची पुरी होईल. जाताना तुमच्याकडचे दुबार अंक असतील तर घेऊन जा आणि देऊन टाका. ज्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे कागदी प्रत आहे त्याला जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते, अशी तरतूद कायद्यात आहे. म्हणजे पुढच्या पुराला सगळा भार तुमच्या माळ्यावर नको.

आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो आजच काढून ठेवा. तुम्ही पाठवलेल्या पानाच्या खालच्या कोपऱ्याला वाळवी लागलेली दिसतेय, बेळगावच्या पत्त्यातला घरनंबर तिनं आताच खाल्लाय.